साठ सेंटीमीटरचं नेट आणि बारा किलोचा कटला: एका लँडिंग नेटच्या निवडीचं प्रकरण

2023 च्या फेब्रुवारीतला शनिवार. मावळातला परवान्यावर गळ टाकू देणारा एक तलाव, पहाटेचा गारवा, आणि पावणेआठच्या सुमारास मामांच्या रॉडवरची घंटी वाजली. मासा पंचवीस मिनिटं खोल पाण्यातच फिरत राहिला. वर आला तेव्हा आधी दिसलं ते डोकं, आणि एवढं डोकं कटल्याशिवाय कुणाचं नसतं. लँडिंग नेट, म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून काढायचं दांड्याचं जाळं, माझ्या हातात होतं. मी ते माशाखाली सारलं, डोकं आत गेलं, खांदे आत गेले, आणि मी उचललं.

अर्धा मासा नेटच्या बाहेरच होता. फ्रेम आणि दांडा जिथे जोडलेले होते तिथला प्लास्टिकचा सांधा पिळला, नेटचं तोंड तिरकं झालं आणि माशाने एकच हिसडा दिला. मामा स्प्रिंगला, म्हणजे आमिषाचा गोळा धरणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, पाच गळ लावतात. त्यातला एक माशाच्या ओठात होता आणि दोन तेवढ्यात नेटच्या जाळ्यात रुतले होते. तोपर्यंत प्रत्येक हिसडा रॉडच्या लवचिकपणात जिरत होता. आता गळ एका बाजूने ओठात आणि दुसऱ्या बाजूने फ्रेमला बांधल्यासारखा. कटल्याचा ओठ मऊ असतो, तो फाटला. मासा क्षणभर पाण्यात आडवा राहिला आणि खाली गेला. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त लाइन गुंडाळली.

त्याच संध्याकाळी त्याच नेटमध्ये एक खडस (महसीर) आला, सत्तर सेंटीमीटरचा. तो नीट मावला. आम्ही त्याला नेटसकट काट्याला टांगून वजन केलं, साडेतीन-चार किलोच्या मध्ये काटा हलत होता, मग फोटो काढला आणि सोडला. नेट आवरताना हिरव्या नायलॉनच्या गाठींत तीन खवले अडकलेले दिसले, प्रत्येक दहा रुपयांच्या नाण्याहून मोठा. रविवारी सकाळी तो खडस पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या, दगडांना लागून तरंगत होता. शेपटीचा वरचा पंख चिरलेला, पोटाजवळ जाळ्याच्या चौकटींचे लाल वळ. तोच होता, शंका घ्यायला जागा नव्हती. कटला निसटला याची हळहळ वाटली होती. या खडसाची मात्र लाज वाटली.

परतीच्या वाटेवर माझी मुलगी म्हणाली, "मामाआजोबा, हे नेट परत आणायचं नाही." इथून पुढचं सगळं त्या एका वाक्यावर आहे. निवड करायला आम्हाला जवळजवळ चार महिने लागले, आणि त्यातला बराच वेळ आम्ही चुकीचा प्रश्न सोडवत होतो.

प्रश्न काय होता

आम्ही सुरुवात केली ती "किती मोठं नेट?" इथून. मोठ्या माशाला मोठं नेट, एवढं सरळ वाटत होतं. पण शनिवारी झालेल्या दोन गोष्टींपैकी आकाराची चूक फक्त पहिलीत होती. खडस नेटमध्ये मावला होता, आणि तरीही मेला. म्हणजे आकार हा अर्धा भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे जाळं कशाचं आहे, मासा पाण्यातून कसा निघतो, आणि काठावर किती वेळ राहतो.

आमचा तलाव म्हणजे स्थिर पाणी. बांधाच्या बाजूला दगडी पिचिंग, उतार बऱ्यापैकी तीव्र. दिवाळीनंतर पाणी पिचिंगच्या वरच्या थरापर्यंत असतं, मे महिन्यात ते इतकं उतरतं की दगडांवरून दोन-तीन माणसांच्या उंचीएवढं खाली जाऊन बसावं लागतं. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, आम्ही जात नाही. मासे मुख्यतः तीन: कटला, रोहू आणि खडस. परवान्यावर घरी न्यायला मोजके मासे चालतात. मामा तीन-चार किलोच्या आतला एखादा रोहू नेतात. मोठा कटला आणि कुठलाही खडस परत सोडायचा हा आमचा घरचा नियम.

खडसाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या माशाचं आपल्या भागाशी नातं जुनं आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये या माशाची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून, आणि टॉर खुद्री या शास्त्रीय नावात त्याचं इथलं स्थानिक नाव आजही टिकून आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून खडसाचं बीज तयार करून ठिकठिकाणच्या पाण्यात सोडलं. महाडजवळ वाळणकोंडीला, वैतरणेवर तिळसे इथे, देवाचे मासे म्हणून यांना कुणी हात लावत नाही. कटल्याची मादी शरीराच्या किलोमागे लाखाच्या हिशेबात अंडी देते, खडसाची मादी काही हजारच. एक मोठी खडस मादी काठावर मेली तर नुकसान कुठल्या मापाचं आहे ते यावरून कळावं.

तेव्हा खरा प्रश्न असा ठरला: या काठावरून, मामा, मुलगी आणि मी या तिघांच्या हातांनी, पंधरा किलोपर्यंतचा मासा पाण्यात असल्यासारखाच परत पाण्यात जावा, तर नेट कसं हवं?

माप

वजनाऐवजी आम्ही लांबी आणि घेर धरला. इंग्रजी मापात गळवाल्यांचा जुना आडाखा आहे: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 800, सगळं इंचात, उत्तर पौंडात. तोच सेंटीमीटर-किलोत आणला की भाजक साधारण 29,000 येतो. 90 सेंटीमीटर लांब आणि 63 सेंटीमीटर घेराचा कटला घ्या: 90 गुणिले 63 गुणिले 63 म्हणजे 3,57,210. भागिले 29,000, उत्तर बारा किलोच्या थोडं वर. निसटलेला मासा याच मापाचा असावा. हाच आडाखा नंतर आम्हाला दुसऱ्या कामाला आला: मासा टांगून वजन करण्याची गरजच उरली नाही. ओल्या चटईवर फितीने दोन मापं घेतली की पुरे.

आता 90 सेंटीमीटरचा मासा आणि 60 सेंटीमीटरचं गोल तोंड. मासा वाकून आत जाईल म्हणावं तर कटला मधोमध जाड, तो वाकत नाही. शिवाय आमच्या नेटचा झोळ जेमतेम 45 सेंटीमीटर खोल होता, म्हणजे डोकं तळाला टेकलं तरी निम्मं अंग बाहेरच. हे गणित खरेदीच्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या करता आलं असतं. विकणाऱ्याने "वीस किलोला चालेल" सांगितलं आणि आम्ही मान डोलावली. वीस किलो हा दोरीच्या ताकदीचा आकडा होता, तोंडाचा नाही.

तीन पर्याय

पहिला पर्याय होता मोठं गोल किंवा थेंबाच्या आकाराचं, कडक अॅल्युमिनियम फ्रेमचं नेट. अमेरिकेत मस्की नावाच्या लांबलचक शिकारी माशासाठी असली नेटं वापरतात, बहुतेक बोटीवरून. तोंड प्रशस्त, झोळ खोल, जाळं रबराचा लेप दिलेलं. बोटीला ते उत्तम. आमच्या पिचिंगवर कडक कडी दगडांवर आपटते, आवाज होतो, आणि दोन दगडांच्या मध्ये ती खाली बसतच नाही. मासा जिथून आत यायला हवा तिथेच फट राहते.

दुसरा पर्याय म्हणजे युरोपात कार्प मासे धरणाऱ्यांचं त्रिकोणी नेट. दोन लवचिक हात, त्यांच्या टोकांमध्ये ताणलेली दोरी. 36, 42 आणि 50 इंच असे त्याचे ठरलेले आकार असतात. समोरची बाजू दोरीचीच असल्याने ती दगडांच्या खाचखळग्यांवर पडून राहते, पाण्याखाली सहज बुडवता येते. वाहत्या पाण्यात तीच दोरी पोटात वाकते आणि नेटचं तोंड मिटतं, त्यामुळे नदीवर मी हे नेट सुचवणार नाही. आमचं पाणी स्थिर होतं.

तिसरा पर्याय मामांचा: माणग्याच्या काठीला स्थानिक जाळं. कोकणातला माणगा जवळपास भरीव असतो, लवतो पण मोडत नाही. तलावावरच्या भोई काकांनी झोळ विणून द्यायची तयारीही दाखवली. त्यांच्या हाताला तोड नाही. पण त्यांचं जाळं गाठींचं, आणि आमची अडचण नेमकी गाठीच होती.

या गाठींवर मी जरा थांबतो, कारण खरेदी करताना बहुतेक जण फ्रेम बघतात आणि जाळ्यावरून नजर नुसती फिरवतात. माशाच्या अंगावरचा चिकट थर म्हणजे त्याची पहिली कातडी. तो खरवडला की पाण्यातली बुरशी आणि जिवाणू थेट आत शिरतात. नायलॉनची प्रत्येक गाठ ही कडक मणी असते, आणि मासा झोळात उसळला की असे शेकडो मणी त्याच्या अंगावरून घासत जातात. आस, म्हणजे जाळ्याची एकेक चौकट, मोठा असेल तर पंखाच्या काड्या आसातून बाहेर येतात आणि वळताना मधला पडदा चिरतो. आमच्या खडसाच्या शेपटीचं तेच झालं होतं. 2003 मध्ये ब्लूगिल या छोट्या माशावर झालेल्या एका अभ्यासात रबर, बिनगाठी नायलॉन, बारीक गाठींचं आणि जाड गाठींचं अशी चार जाळी ताडून पाहिली होती. गाठींच्या जाळ्यांत पंखांची इजा जास्त आढळली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: नेट न लावता काढलेल्या माशांची स्थिती नेटमधल्या माशांपेक्षा चांगली राहिली. म्हणजे नेट हे माशावर उपकार नाही. मोठा मासा पिचिंगवर हाताने धरणं शक्य नाही म्हणून ते लागतं, आणि म्हणून त्याची इजा कमीत कमी असायला हवी.

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. मत्स्यबीज केंद्रावर प्रजनक मासे कापडी हापात ठेवतात. मच्छरदाणीसारखा मऊ कपडा, गाठ एकही नाही. ते लोक माशाला जपतात कारण त्याच्यापासून पुढची पिढी काढायची असते. गळवाल्याने तो हापा कधीच बघायला हवा होता.

मग बिनगाठी जाळ्यात दोन वाटा उरल्या: रबराचा लेप दिलेलं, की मऊ बारीक आसाचं पॉलिस्टर. रबरात गळ अडकत नाहीत हा त्याचा मोठा गुण, आणि पाच गळांच्या स्प्रिंगसाठी तेच हवं असं आम्हाला वाटत होतं. पण ओलं रबरी जाळं जड होतं आणि पाण्यात ओढताना अडतं. आमच्याकडे नेट सांभाळते ती माझी मुलगी, वजन पन्नास किलो. मित्राकडून आणलेलं रबरी नेट तिने पाण्यात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे मला वळवता येत नाही." जो नेट धरणार त्याच्या हातून वळत नसेल तर बाकीचे गुण कागदावरच राहतात. 50 इंची त्रिकोणही याच कारणाने बाद झाला.

शेवटी ठरलं ते 42 इंची, म्हणजे 107 सेंटीमीटर हातांचं त्रिकोणी नेट. झोळ मीटरभर खोल, जाळं मऊ, बिनगाठी, पॉलिस्टरचं. नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की ताकद काहीशी कमी होते आणि वाळायला वेळ लागतो. पॉलिस्टर फार कमी पितं.

मामांची स्प्रिंग

पण बारीक आसाच्या जाळ्यात पाच गळ म्हणजे गुंता ठरलेला. मी घरच्या गच्चीवर नेट पसरलं आणि मामांची स्प्रिंग त्यात दहा वेळा टाकून, हलवून, सोडवून पाहिली. दर वेळी किमान तीन मिनिटं गेली, एकदा कात्री घ्यावी लागली. ती तीन मिनिटं मासा उघड्यावर राहणार. मग दोन गळ लावून, त्यांची बारब, म्हणजे टोकाजवळचा उलटा काटा, पक्कडीने दाबून तोच प्रयोग केला. सगळ्यात जास्त वेळ लागला तो वीस सेकंद.

मामा ऐकायला तयार नव्हते. "पाच गळ म्हणजे पाच संधी," ते म्हणाले. "चाळीस वर्षं याच स्प्रिंगवर मासे काढलेत मी." मी त्यांना म्हटलं, "मामा, तुमचा तो कटला कशामुळे गेला? एक गळ ओठात होता. बाकीच्यांनीच तर त्याला सोडवलं." ते बराच वेळ स्प्रिंग हातात फिरवत बसले. मग स्वतःच कटरने तीन गळ कापले.

निवडीतला सगळ्यात मोठा निर्णय मी हाच मानतो, आणि तो नेटचा नव्हताच. आधी आम्ही गळांना सोसेल असं नेट शोधत होतो. माशाला सोसेल असं नेट ठरवलं तेव्हा गळ बदलावे लागले.

दांडा आणि एक आटा

दांडा सहा फुटी घेतला. पवईच्या तलावावर मचाणावर बसणाऱ्यांना पाणी उतरल्यावर याहून लांब लागतो, आम्ही पिचिंगवरून खाली उतरू शकतो. कार्बनचा दांडा हलका असतो, पण कार्बनमधून वीज वाहते. आमच्या बांधावरून विजेच्या तारा जातात आणि मे-ऑक्टोबरात वळवाची-परतीची गडगडाटी हवा असते. आम्ही माणगा घेतला. मामांचा तेवढा तरी मान राहिला.

माणग्याच्या टोकाला नेट बसवताना अडलो. नेटच्या डोक्याचा आटा इंग्लंडच्या जुन्या मापाचा, तीन-अष्टमांश इंच बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन), इंचाला वीस फेऱ्यांचा. बाजारातला दहा मिलिमीटरचा नट वरून सारखाच दिसतो. तो दोन फेऱ्या जातो आणि मग जाम होतो. जोर लावला की पितळी आटा मरतो. आम्ही एक डोकं असंच खराब केलं असतं, पण लेथवाल्याने आट्याच्या फेऱ्या मोजायचं पिच-गेज लावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हा मेट्रिक नाही." त्याने बीएसएफ टॅप मारून पितळेची बूच बनवली, ती माणग्यात एपॉक्सीने बसवली आणि आरपार रिव्हेट मारला.

तरी दांड्याने मासा उचलायचा नाही, हे आम्ही आधी गणितातून आणि मग प्रत्यक्षात शिकलो. बारा किलो झोळात, पुढचा हात त्या वजनापासून दीड मीटरवर, दोन हातांत अर्धा मीटर अंतर. मागच्या हाताने 36 किलोचा दाब खाली द्यावा लागतो, पुढच्या हातावर 48 किलो येतात. आमचं जुनं नेट याच भाराखाली पिळलं होतं. गच्चीवर आम्ही पाच-पाच लिटरचे दोन कॅन आणि दोन लिटरची बाटली झोळात घालून पाहिलं. मुलीने आडवं उचलायचा प्रयत्न केला, दांडा लवला, तिचा मागचा हात सुटला. मग दांडा मागे ओढून, नेटचे दोन्ही हात एकत्र मिटवून, फ्रेमच धरून उचललं. अलगद आलं. तेव्हापासून क्रम ठरला: दांडा ओढायचा, स्क्रू फिरवून काढायचा, झोळाची वळी करायची, फ्रेम दोघांनी धरायची.

पाण्यावर

नवं नेट ऑक्टोबर 2023 मध्ये पाण्यात गेलं. पहिल्या दोन फेऱ्यांत काही गोष्टी लगेच कळल्या. झोळाला जोडून आलेली फोमची पट्टी नेट तरंगत ठेवते, आणि आम्हाला ते बुडलेलं हवं होतं. पट्टी कापून टाकली आणि झोळात मुठीएवढा गुळगुळीत गोटा ठेवू लागलो. मासा झोळात आला की गोटा काढून घ्यायचा. नेट आधीच ओलं करून, पाण्याखाली स्थिर धरायचं, आणि मासा त्याच्यावर आणायचं काम रॉडवाल्याचं. नेट माशाच्या मागे धावलं की मासाही धावतो. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ऐन वेळी सगळेच हात पुढे करतात. मुलगी करत नाही. म्हणून नेट तिच्याकडे.

पिचिंगवर मासा ठेवायला फोमची जाड गादी केली, वरून रेग्झिन, कडेने चार बोटं उंच काठ. खुर्च्यांची कव्हरं शिवणाऱ्याने एका दुपारी शिवून दिली. ही गादी नसेल तर महागातलं नेटही निरुपयोगी आहे, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

उन्हाळ्यात आम्ही आणखी एक बंधन घातलं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. लढून दमलेल्या माशाला नेमका तेव्हाच तो जास्त लागतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर गळ टाकत नाही, आणि मासा नेटमध्येच, पाण्यातच ठेवून गळ काढतो. माप घ्यायचं असेल तरच गादीवर.

एक उणीव अजून आहे. त्रिकोणी नेटच्या हातांचा प्लास्टिकचा ठोकळा, ज्यात दोन्ही हात खोचतात, थंडीत घट्ट आणि उन्हात सैल होतो. एकदा मासा आत असताना एक हात निसटला, मुलीने तो काखेत दाबून धरला म्हणून निभावलं. लेथवाल्याकडे अॅल्युमिनियमचा ठोकळा टाकला आहे. तलाव बदलताना नेट पूर्ण वाळवायचं हेही आता ठरलेलं, कारण कटल्या-रोहूच्या अंगावर माशांची ऊ असते आणि ओल्या जाळ्यातून ती दुसऱ्या पाण्यात जाऊ शकते.

मार्च 2024 मध्ये, साडेसहाला, मामांच्या रॉडला खडस लागला. दोन गळांची स्प्रिंग. नेट बुडलेलं होतं, मासा डोक्याकडून वर आला, मुलीने दांडा मागे ओढला. गळ पाण्यातच निघाला. गादीवर फीत लावली: लांबी 78, घेर 45, म्हणजे साडेपाच किलोच्या आत-बाहेर. मामांनी त्याला दोन्ही हातांवर पाण्यात तोललं. शेपटी दोनदा हलली आणि त्यांच्या हातातून तो स्वतः गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी पिचिंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहिलं, काठाला काहीच लागलेलं नव्हतं. मग मुलीने वाळत घातलेला झोळ उलटा करून झटकला. शेवाळाचे दोन-तीन वाळके धागे पडले, खवला एकही नाही.